कोळंबीला काढा

गौरी घरात आणायच्या दिवशी कोकणात तेरड्याच्या जोडीला लाल-पिवळी, टोकं वर वळलेली फुलं लागतात. ती कळलावीची. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचं द्रव्य असतं. गाउटच्या रुग्णांना डॉक्टर ते मोजूनमापून देतात; माप चुकलं तर जीवावर बेततं. भारतातल्या कोळंबी तळ्यांत जी औषधं आणि रासायनिक द्रव्यं वापरायला बंदी आहे, त्यांत हे कोल्चिसीन आहे. त्याच यादीत क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान, मेट्रोनिडॅझोल अशा नावांच्या रांगेत एक अख्खी वनस्पती बसलेली दिसते: अ‍ॅरिस्टोलोकिया. आपल्याकडे तिची बहीण ईश्वरी किंवा सापसंद म्हणून ओळखली जाते आणि सर्पदंशावर उगाळून द्यायची प्रथा होती. या कुळातल्या आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात आणि कर्करोगही होतो, हे जगाला कळलं ते 1990 च्या दशकात, ब्रुसेल्समध्ये वजन घटवायला चिनी वनौषधी घेतलेल्या बायका एकामागून एक आजारी पडल्यावर.

यादी मूळची युरोपच्या नियमांवरून आलेली. ती वाचणारे थोडे. कोळंबीच्या औषधांच्या दुकानातली फळी पाहणारे बरेच, आणि त्या फळीवरच्या निम्म्या बाटल्यांवर हिरवं पान छापलेलं असतं. ‘वनस्पतीजन्य, म्हणून निर्धोक’ ही एवढी एक ओळ गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोळंबीच्या धंद्यात जितकी खपली, तितका क्वचितच कुठला माल खपला असेल. लेबलावर लसूण, हळद, तुळस, भुईआवळा, कडुनिंब. भाषा आयुर्वेदाची, आश्वासन अँटिबायोटिकचं. यातलं खरं किती, हे पाहायला मी या उन्हाळ्यात कोळंबीवाल्यांमध्ये थोडा हिंडलो आणि बरंच वाचलं. थोडक्यात सांगायचं तर खरं बरंच आहे, फक्त ते लेबलावर लिहिलेलं नाही.

पालघर जिल्ह्यातल्या एका खाडीच्या काठी भरतीच्या पाण्यावर चालणारी तळी आहेत. पूर्वी ही भाताची खारजमीन होती. बांध आणि उघाडी अजून तीच. तळ्यांचे मालक पन्नाशीतले, बोलायला मोकळे, नाव छापायला नाखूश. एरेटरच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं. त्यांनी चेक ट्रे वर ओढला. तळाला जाळी लावलेली ही ताटली खाद्य टाकताना पाण्यात सोडतात आणि तासा-दीड तासाने वर काढून किती खाल्लं ते बघतात. ताटलीत व्हेनामी जातीच्या आठ-दहा कोळंब्या उड्या मारत होत्या. त्यांनी एक उचलून उजेडाकडे धरली.

“हे बघा, इथे डोक्यात काळपट-तपकिरी दिसतंय ना, ते लिव्हर. आणि पाठीतली ही दोरी भरलेली आहे, म्हणजे पोटात खाद्य आहे. लिव्हर पांढुरकं झालं, आकसलं, दोरी रिकामी दिसली, की आमची झोप उडाली.”

ज्याला ते लिव्हर म्हणतात ते यकृत आणि स्वादुपिंड या दोघांचं काम एकटं करणारं इंद्रिय. निरोगी असेल तर अंगठा आणि बोटात सहज चिरडतं. एका विशिष्ट जिवाणूजन्य रोगात ते रबरासारखं होतं, चिरडत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी शेतकऱ्याच्या बोटांना तो कळतो.

शेडमध्ये ओडिशाहून आलेला एक तरुण मजूर संध्याकाळच्या खाद्याची तयारी करत होता. ताडपत्रीवर पेलेट पसरलेले, बादलीत लसणीचं वाटण, हळद, विरघळवलेला गूळ आणि अंड्याचा पांढरा बलक. हाताने कालवायचं, पंख्याखाली अर्धा तास सुकवायचं आणि तळ्यात टाकायचं. गूळ आणि बलक चिकटपणासाठी, नाहीतर मसाला पाण्यात धुऊन जातो. शिवाय कंपनीच्या माणसाने दिलेली एक ‘हर्बल’ बाटली होतीच. तिचंही माप बुचाने घातलं गेलं.

“फरक पडतो?” मी विचारलं.

“पडतो. ग्रीन कॉलनी कमी येते.”

“एखाद्या तळ्यात न देता पाहिलंत?”

ते हसले. “कुठलं तळं, ते तुम्हीच सांगा. कुठलं मरू देऊ?”

या उत्तरात सगळ्या विषयाची मेख आहे, तिच्याकडे येऊच. आधी ग्रीन कॉलनी. तळ्याच्या पाण्याचा किंवा कोळंबीच्या पोटातला नमुना टीसीबीएस नावाच्या हिरव्या माध्यमाच्या बशीवर पसरला, की व्हिब्रिओ कुळातले जिवाणू ठिपक्यांच्या रूपाने उगवतात. बशीतली साखर खाऊन आंबवणारे पिवळे ठिपके देतात, न आंबवणारे हिरवे. पिवळे चालतात, हिरवे धोक्याचे, असा तळ्यावरचा ढोबळ हिशेब आहे. तो शंभर टक्के बरोबर नाही, कारण पिवळ्यांतही घातकी असतात. पण कोळंबीचा मोठा खुनी व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हिरवाच उगवतो, त्यामुळे हिशेब टिकून आहे.

व्हिब्रिओ हे खाऱ्या पाण्यातले रहिवासी. त्यांना बाहेरून कुणी आणावं लागत नाही. कोळंबीच्या कवचावर, पोटात, तळाच्या गाळात ते असतातच. तळ्यात दाटी झाली, उरलेलं खाद्य सडलं, उकाड्याने पाण्यातला प्राणवायू घसरला, की ते माजतात. 1980 च्या दशकाच्या शेवटी आणि 1990 च्या सुरुवातीला आशियाभर टायगर कोळंबीच्या हॅचऱ्या उघडल्या तेव्हा यांच्यातल्या एकाने, व्हिब्रिओ हार्वेयीने, वेगळाच खेळ दाखवला. रात्री दिवा मालवला की बीजाच्या टाक्या निळसर-हिरव्या उजळायच्या. दिसायला सुंदर. सकाळी टाकीच्या तळाशी मेलेल्या पिल्लांचा थर.

हॅचरीवाल्यांनी अँटिबायोटिकं ओतायला सुरुवात केली, आणि काही काळ ती लागू पडलीही. 1994 साली मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या करुणासागर दांपत्याने आणि सहकाऱ्यांनी एका हॅचरीतल्या अशाच मरतुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला: पिल्लं मारणारा व्हिब्रिओ हार्वेयी अनेक अँटिबायोटिकांना पुरून उरणारा होता. म्हणजे ज्या औषधाच्या भरवशावर टाक्या चालल्या होत्या, त्यानेच टाक्यांत निवडून निवडून पैलवान जोपासले होते. त्याच सुमारास व्हाइट स्पॉट विषाणूने देशभरातली टायगर कोळंबी झोपवली. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे पुस्तकातलं ज्ञान; तळ्याकाठी मात्र हाताला लागेल ते ओतलं गेलं.

बंदी आली ती कोळंबीच्या काळजीपोटी नाही, गिऱ्हाइकाच्या. 2001-02 मध्ये आशियातून आलेल्या कोळंबीत युरोपला क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानचे अंश सापडू लागले. क्लोरॅम्फेनिकॉलने क्वचित, पण जीवघेणा रक्तदोष होतो. अस्थिमज्जा रक्त बनवायचंच थांबवते. 2002 मध्ये भारतानेही कोळंबीपालनात या औषधांना मनाई केली. सध्या युरोपात क्लोरॅम्फेनिकॉलसाठी कारवाईची मर्यादा किलोमागे 0.15 मायक्रोग्रॅम आहे. हिशेब मांडून पाहिला: एक ग्रॅम औषध साडेसहा हजार टन कोळंबीत सारखं मिसळलं, तरी तो सगळा माल मर्यादेच्या काठावर येईल. 2016 मध्ये युरोपने भारतीय मत्स्यपालनाच्या मालाची बंदरावरची तपासणी दर शंभर खेपांमागे दहावरून पन्नासवर नेली. भारताने 2023-24 मध्ये सात लाख टनांहून जास्त गोठवलेली कोळंबी परदेशी पाठवली, तिची किंमत 4.88 अब्ज डॉलर. त्यामुळे आता तळं उपसण्याआधी नमुना एम्पेडाच्या, म्हणजे सागरी मालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, प्रयोगशाळेत जातो, आणि तो निर्दोष ठरल्याचा कागद हातात आला तरच युरोपला जाणाऱ्या मालाचा व्यवहार पुढे सरकतो. शेतकरी या कागदाला पीएचटी म्हणतात, आणि दहावीच्या निकालासारखी वाट पाहतात.

औषध काढून घेतलं, रोग तिथेच राहिला. 2009 पासून दक्षिण चीन आणि व्हिएतनाममध्ये बीज सोडल्यावर महिन्याभरातच तळीच्या तळी मरू लागली. 2012 मध्ये रोग थायलंडमध्ये पोचला. सहा लाख टनांच्या आसपास असलेलं थाई उत्पादन दोन-तीन वर्षांत निम्म्याच्या खाली आलं. कारण सापडलं 2013 मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाला: व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसचा एक असा वाण, ज्याने बाहेरून विषाचं जनुक उचललं होतं. तैवानच्या संशोधकांनी पुढे दाखवलं, की ते जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या सुट्या कड्यावर आहे. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनांच्या जोडीचं नातं निघालं ते कीटक मारणाऱ्या एका वेगळ्याच जिवाणूच्या विषाशी. कोळंबी शेवटी कीटकांची चुलत बहीण; विषाला नवं घर अनोळखी वाटलं नसावं.

या रोगाने अँटिबायोटिकची उरलीसुरली पतही घालवली. मारतं ते विष. ते एकदा लिव्हरमध्ये पोचलं, की जिवाणू मेला तरी नुकसान व्हायचं ते होतं. त्यातून आजारी कोळंबी खात नाही, आणि खाद्यातून दिलेलं औषध न खाणाऱ्याच्या पोटात जात नाही. ते पोचतं धडधाकट कोळंबीच्या पोटात आणि गाळात. हीच अडचण लसणीलाही आहे, हळदीलाही आहे. बाटलीवर ‘रोग दिसताच वापरा’ असं छापलेलं असेल, तर तिथेच हात आखडता घ्यावा.

मग वनस्पतींचं काम कुठे?

एक जागा कोळंबीच्या प्रतिकारशक्तीत. कोळंबीला प्रतिद्रव्यं नसतात. आपल्याला एकदा गोवर झाला की शरीर तो लक्षात ठेवतं. कोळंबीला अशी आठवण जवळपास नाही, म्हणून मासळीसारखी लस तिला टोचता येत नाही. तिच्याकडे आहेत त्या रक्तातल्या गस्तकरी पेशी: शत्रू दिसला की त्याला गिळायचं, नाहीतर भोवती काळं रंगद्रव्य साठवून कोंडायचं. ही गस्त जागती ठेवायला वनस्पतीतली काही द्रव्यं मदत करतात, असं टाक्यांतल्या प्रयोगांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. या कामात दक्षिण भारत पुढे. तामिळनाडूत मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठाच्या राजाक्कमंगलम येथील सागरी केंद्रातून टी. सितारासू आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये टायगर कोळंबीला बेल, गुळवेल, कुटकी, माका आणि दूर्वा यांचे अर्क खाद्यातून देऊन व्हाइट स्पॉटपुढे उभं केलं. अर्क खाल्लेल्या गटात जास्त जगल्या, रक्ताच्या चाचण्याही सुधारल्या. मेलविशारमच्या सी. अब्दुल हकीम महाविद्यालयात साहुल हमीद यांच्या गटाने वीस देशी वनस्पती चाळल्या, आणि त्यांतून वर आली ती दूर्वाच. गणपतीला एकवीस वाहणाऱ्या मंडळींना हे वाचून बरं वाटेल, मलाही वाटलं. पण हे दोन्ही प्रयोग विषाणूवरचे आहेत. जिवाणूवर तेच निष्कर्ष चिकटवून ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणणारी पत्रकं मी पाहिली आहेत.

दुसरी जागा मला जास्त गुंतवून ठेवणारी वाटते. तिची सुरुवात त्या उजळणाऱ्या टाक्यांतच आहे.

एकटा-दुकटा चकाकणारा जिवाणू चकाकत नाही. प्रकाश तयार करायला शक्ती लागते, आणि समुद्राच्या थेंबात एकट्याने ती जाळण्यात हशील नाही. 1970 मध्ये केनेथ नीलसन आणि वुडलंड हेस्टिंग्ज यांच्या लक्षात आलं, की हे जिवाणू पाण्यात एक रसायन सोडत राहतात. दाटी वाढली की रसायन साठतं. ते ठरावीक पातळीवर आलं, की सगळे एकदम उजळतात. पुढे प्रिन्स्टनच्या बॉनी बॅसलर यांनी व्हिब्रिओ हार्वेयीवर अनेक वर्षं काम करून या निरोपानिरोपीची यंत्रणा उलगडली. दिव्याच्या बटणाला इतरही तारा जोडलेल्या निघाल्या. संख्या पुरेशी झाली की जिवाणू ज्या गोष्टी एकत्र सुरू करतात, त्यांत यजमानाला नडणाऱ्या अनेक करामती असतात. आधी मोजदाद, मग हल्ला. मग ही मोजदादच बिघडवली तर?

उत्तराचा पहिला धागा सिडनीजवळच्या समुद्रात होता. डेलिसिया पुल्क्रा नावाचं एक लाल समुद्रशेवाळ तिथे खडकांवर वाढतं. समुद्रात कुठलीही वस्तू ठेवा, काही दिवसांत तिच्यावर बुळबुळीत थर चढतो. या शेवाळाची पानं मात्र स्वच्छ. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांना कारण सापडलं: शेवाळ ब्रोमीनयुक्त फ्युरॅनोन नावाची द्रव्यं पाझरवतं, आणि ती जिवाणूंच्या निरोपांत व्यत्यय आणतात. 2000 साली त्यांनी दाखवलं, की ही द्रव्यं व्हिब्रिओ हार्वेयीचा प्रकाशही मंदावतात आणि टायगर कोळंबीवरची त्याची घातकताही. जिवाणू मरत नाही. त्याला आपण किती जण जमलो आहोत हेच कळेनासं होतं. गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं, पण फ्युरॅनोन जरा जास्त झालं की कोळंबीच्या पिल्लांनाच बाधतं.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात पीटर बोसिए, टॉम डिफ्वार्ट आणि सहकारी तेच काम करणारं सौम्य द्रव्य शोधत होते, आणि 2008 मध्ये तिथून आलेल्या निबंधात नाव होतं सिनामाल्डिहाइड. म्हणजे दालचिनीला जो वास असतो तो. व्हिब्रिओत निरोप ऐकून जनुकं चालू करणारं लक्सआर नावाचं प्रथिन असतं. सिनामाल्डिहाइडमुळे त्याची डीएनएवरची पकड सुटते. तेही जिवाणूची वाढ थांबणार नाही इतक्या कमी मात्रेत. वाढ थांबवली नाही, तर प्रतिकारक वाण पुढे येण्याचा दाबही कमी पडावा, अशी अटकळ. अटकळच, कारण निरोपांवाचूनही घातकी राहणारा वाण पुढेमागे निपजणारच नाही, असं कोण छातीठोकपणे सांगेल?

माझ्या मते कोळंबीच्या वनौषधींचं भवितव्य असेल तर या बाजूला आहे. जिवाणू मारण्याच्या शर्यतीत पानाफुलांना उतरवणं ही दिशाच चुकीची, कारण तिथे आकडे साथ देत नाहीत. प्रयोगशाळेत बशीवर अर्काचा थेंब ठेवला, भोवती जिवाणू उगवले नाहीत, की पत्रक छापून तयार. असे अर्क बहुधा मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपासच्या मात्रेत परिणाम दाखवतात. एक एकराचं, दीड मीटर खोल तळं घ्या: साठ लाख लिटर पाणी. ती मात्रा त्या पाण्यात आणायची तर सहा टन शुद्ध अर्क लागेल. तळ्यात बाटलीभर काढा ओतणाऱ्याने हा गुणाकार एकदा करावा.

म्हणून खाद्यातूनच द्यायचं. तिथे वेगळी कटकट. कोळंबी मासळीसारखी घास गिळत नाही. पेलेट पुढच्या पायांत धरून कुरतडत बसते. तेवढ्या वेळात पाण्यात विरघळणारं सगळं विरघळून जातं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही ही इथे जमेची बाजू, पण मग ते आतड्यातून रक्तातही फारसं जात नाही. लसणीतलं अ‍ॅलिसिन मूळ पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की तयार होतं, आणि लगेच विघटू लागतं. कारखान्यात खाद्य वाफेवर शिजतं तेव्हा असली उडून जाणारी द्रव्यं टिकत नाहीत, म्हणून तळ्यावर ताजं वाटण लावण्याची पद्धत मला कारखान्याच्या ‘लसूणयुक्त’ पोत्यापेक्षा शहाणपणाची वाटते. ओव्यातल्या थायमॉलवर पातळ कवच चढवून ते आतड्यापर्यंत पोचवायचे प्रयत्न चालू आहेत. त्यात दम आहे, पण ते खलबत्त्यातलं काम राहिलेलं नाही.

आणि माप? सांगलीची हळद आणि वसमतची हळद, या वर्षीची आणि गेल्या वर्षीची, यांत कर्क्युमिन दोन टक्क्यांपासून पाच टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. शेतकरी चमचा तोच वापरतो. बाटलीवर ‘हळद अर्क’ लिहितात. त्यात मुख्य द्रव्य किती, हे लिहिलेली बाटली मला फळीवर शोधावी लागली.

कडुनिंबाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो फार सहज सुचवला जातो. कडुनिंबाचं अ‍ॅझाडिराक्टिन कीटकांच्या कात टाकण्याच्या संप्रेरकात बिघाड करतं. पिकावरची अळी मरते ती त्याने. कोळंबीही कात टाकूनच वाढते, संप्रेरकही त्याच जातीचं. तिला कडुनिंबाचा अर्क पाजताना आपण कुणाच्या बाजूने लढतोय, हे निदान विचारावं. जुन्या तळेवाल्यांना वनस्पतींच्या या दुधारी स्वभावाची ओळख होती. बीज सोडण्यापूर्वी तळ्यातले खादाड मासे मारायला ते मोहाची पेंड टाकत, अजूनही टाकतात. पेंडीतलं सॅपोनिन माशांना संपवतं, कोळंबीला तेवढ्या मात्रेत झेपतं. विष म्हणून नीट ओळखलेली वनस्पती आणि तिचं ठरलेलं माप, असं ज्ञान त्यात होतं. हिरव्या पानाच्या लेबलात ते नाही.

बाजाराची एक काळी बाजू धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, छापून कुणाला हवी नसते. ‘हर्बल’ बाटलीने चार दिवसांत जादू झाली, तर अनुभवी टेक्निशियन खूश होण्याआधी साशंक होतो: आत मिसळलंय काय? चेन्नईच्या तटीय जलसंवर्धन प्राधिकरणाने तळ्यात वापरायच्या मालाची नोंदणी सुरू केली तीच मुळी त्यात अँटिबायोटिक नाही एवढं तपासण्यासाठी. नोंदणी क्रमांकाचा अर्थ तेवढाच: बंदी असलेलं काही सापडलं नाही. बाटली गुणकारी आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. विक्रेता मात्र क्रमांकावर बोट ठेवून ‘सरकारमान्य’ म्हणतो.

आणि प्रामाणिक बाटलीचंही एक संकट आहे, इतकं विचित्र की आधी मला थट्टाच वाटली. क्लोरॅम्फेनिकॉल हे मूळचं मातीतलं द्रव्य. 1947 मध्ये व्हेनेझुएलाच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून ते वेगळं केलं गेलं. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनच्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिलं, की मंगोलियातल्या काही वनौषधींत आणि अमेरिकेतल्या युटातल्या गवतात क्लोरॅम्फेनिकॉल नैसर्गिकरीत्याच सापडतं, कुणीही न घालता; मातीतून मुळांवाटे वर चढलेलं असावं. आता 0.15 मायक्रोग्रॅमची मर्यादा आठवा. अँटिबायोटिक टाळायला म्हणून दिलेल्या पाल्यातूनच अँटिबायोटिकचा अंश तळ्यात आला, तर पीएचटीच्या यंत्राला त्यातला फरक कळणार नाही, आणि मालकाच्या शपथेला बाजारात किंमत नाही. वनौषधी विकणाऱ्याने प्रत्येक घाण्याचा अंशतपासणी अहवाल बाटलीसोबत द्यावा, ही मागणी म्हणून अवास्तव नाही. ती करणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे.

थायलंड थोडाफार सावरला तो कसा, हेही इथे सांगायला हवं. तिथल्या मोठ्या उत्पादकांनी स्वच्छ बीज, स्वच्छ पाणी आणि स्वच्छ तळ यांवर जोर दिला. तळ्याच्या मधोमध उताराचा खड्डा करून विष्ठा आणि उरलेलं खाद्य रोज उपसून काढतात. त्याला सरळ कोळंबीचं शौचालय म्हणतात. फिलिपाइन्समध्ये चकाकणाऱ्या व्हिब्रिओने तळी ओस पाडली तेव्हा शेतकऱ्यांनी तिलापिया मासे ठेवलेलं हिरवं पाणी कोळंबीच्या तळ्यात घेतलं. त्या पाण्यातले शेवाळ आणि जिवाणू व्हिब्रिओला डोकं वर काढू देत नाहीत, असं दिसून आलं. दोन्ही उपायांत बाटली नाही, म्हणून त्यांची जाहिरातही नाही. चौरस मीटरला साठ पिल्लं सोडून वर काढा पाजण्यापेक्षा तीस सोडलेली बरी, हे पालघरच्या मालकांनाही मान्य आहे. पण विजेचं बिल, खाद्याची उधारी आणि तळ्याचं भाडं तीसच्या हिशेबात बसत नाही, असं ते म्हणाले. आणि त्यांनी वहीतले आकडे दाखवल्यावर मला वाद घालता आला नाही.

“कुठलं मरू देऊ?” हा त्यांचा प्रश्न इथे येऊन मिळतो. लसूण-हळद देणाऱ्या प्रत्येक तळेवाल्याकडे अनुभव आहे, तुलना नाही. पीक चांगलं आलं तर काढ्याने, बुडालं तर हवामानाने. संशोधकांकडे तुलना आहे, पण ती काचेच्या टाकीत वीस-वीस कोळंब्यांची: महिनाभर अर्क द्या, मग जिवाणू टोचा आणि किती उरल्या ते मोजा. खाडीच्या काठी कोळंबीला कुणी सुई टोचत नाही. तिला मे महिन्याचा उकाडा, मध्यरात्री गेलेली वीज आणि पावसाच्या पहिल्या सरीने उतरलेली क्षारता मारते, आणि त्यावर व्हिब्रिओ हात धुऊन घेतो.

या दोघांच्या मधला प्रयोग करायला फार अक्कल लागत नाही. एकाच हॅचरीचं, एकाच दिवशी सोडलेलं बीज. सारखी बारा तळी; सहांत मुख्य द्रव्य मोजलेला अर्क खाद्यावर लावून, सहांत नुसता गूळ आणि बलक. कुठल्या तळ्यात काय आहे ते खाद्य टाकणाऱ्यालाही ठाऊक नाही. दर आठवड्याला बशीवरचे ठिपके, चेक ट्रेची नोंद, शेवटी वजन, काउंट (किलोमागे किती नग) आणि अंशतपासणी. दोन हंगाम. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि चेन्नईची निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची संस्था सिबा यांच्याकडे हे करायचं ज्ञान आहे. अडतं ते पैशापाशी, कारण सहा तळी बुडाली तर भरपाई कुणी द्यायची हे ठरलेलं नसतं. बाटली विकणारा हा खर्च करणार नाही. त्याचा माल तुलनेवाचूनच खपतो. 2020 मध्ये 20,050 कोटींची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना जाहीर झाली, तिच्यातून तळी, हॅचऱ्या, बर्फाचे कारखाने, शीतवाहनं यांना अनुदान मिळालं. तशाच रकमेतून बारा तळ्यांची दोन हंगामांची हमी देणं सरकारला जड नाही. अर्क निकामी ठरला तरी शेतकऱ्याचा बाटल्यांवरचा खर्च वाचेल.

वर्षाच्या अखेरीस कोकणातल्या बऱ्याच तळ्यांतलं दुसरं पीक निघालेलं असतं किंवा निघत असतं. तळ वाळवायचा, भेगा पडेपर्यंत उन्हात ठेवायचा, चुना टाकायचा आणि फेब्रुवारीच्या सुमारास नवं बीज सोडायचं, असा क्रम असतो. प्रयोगाची तळी आखायची तर ती या दोन-तीन महिन्यांतच आखावी लागतील. पालघरचे मालक दोन तळी द्यायला तयार आहेत, लेखी हमी मिळाली तर.